अठरा सेंट

जिनिंगमध्ये मी ग्रेडर आहे.
गाडीतून मूठभर कापूस उपसतो,
दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो,
धाग्याची लांबी नजरेनं मोजतो
आणि खोट सांगतो.
खोट सांगण्याचाच पगार मिळतो मला.
कवडी आहे, ओल आहे, पत्ती आहे,
माल हलका आहे, भाऊ.

तर घाटंजीत, बरलोटांच्या दुकानात,
शेठच्या धाकट्या पोरानं निळ्या मखमलीवर
चिमट्यानं खडा ठेवला
तेव्हा माझे अंगठे आपोआप पुढे गेले,
आणि काय ओढावं ते न कळून
परत गुडघ्यांवर येऊन बसले.

"अठरा सेंट," पोरगा म्हणाला.
मी क्विंटलवाला माणूस.
सुकेशनीनं विचारलं, "ग्रॅममधी किती?"
त्यानं कॅल्क्युलेटर काढला. छत्तीस मिलिग्रॅम.
"आमच्या लोहाच्या गोळीत याहून जास्त लोखंड असते."

मावशी इतका वेळ गप्प होती, आता राहवलं नाही तिला.
"याच्यापरीस सोनं घ्या ना बाप्पा,
येळेवर मोडता तरी येते."
आणि साक्षगंधाच्या खरेदीत
'मोडणं' निघालं तोंडातून म्हणून
तिनं जीभ चावली, काउंटरच्या लाकडाला हात लावला,
तिसऱ्यांदा पाणी मागितलं.

पोरानं भिंग दिलं. आधी मला.
मी एक डोळा मिटला, तर दुसराही मिटला.
उघडला तेव्हा दिसली नुसती दुकानाची ट्यूबलाइट,
तुकडे तुकडे झालेली.

मग तिनं घेतलं.
ग्रामीण रुग्णालयात ती रोज रक्त बघते,
चाळीस-पन्नास काचपट्ट्या, जेवणाआधी.
भिंग डोळ्याला किती टेकवायचं, श्वास कुठं थांबवायचा
हे तिला कोणी सांगायला नको.
"इथं काहीतरी आहे," ती म्हणाली. "कडेला. पिसासारखं."
पोराचा चेहरा उतरला.
"रिपोर्टमध्ये लिहिलंय ताई. लपवलं नाही काही."

लपवलं नाही काही.

फाल्गुनात तिनं माझाही एक थेंब पाहिला होता.
पसंतीच्या आधी, बैठकीच्याही आधी.
डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट धरलं,
स्पिरिट, सुई, "इकडे पाहू नका."
"सिकलसेलची वाहक आहे मी," ती म्हणाली होती,
जसं कोणी म्हणावं, आमचं गाव आर्णीकडे.
"तुमचाही तसाच निघाला तर चहा पिऊन जा,
मनावर घेऊ नका."
यवतमाळहून रिपोर्ट यायला तीन दिवस लागले.
त्या तीन दिवसांत मी एकाही गाडीची खोट काढली नाही.
मालकानं झापलं.

पोरानं दुसरा खडा काढला, दुप्पट किमतीचा.
मग तिसरा, कारखान्यात तयार झालेला,
"कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही."
तिनं तो बराच वेळ पाहिला.
"याच्यात काहीच नाही," ती म्हणाली,
तक्रार केल्यासारखं.

"पहिलाच द्या. पण वर आलेला नको, हातमोजे फाटतात.
सोन्यात बुडवून बसवा."
"चमक कमी दिसेल, ताई."
"दिसू द्या."

मी पैसे मोजले. दोनदा मोजले,
दोन्ही वेळा वेगळे आले, तिनं मोजले.
बोटाचं माप निघालं बारा.
अंगठी गुरुवारी मिळणार होती,
पण पोरानं डबी आत्ताच दाखवली, लाल, आत कापूस घातलेली,
आणि मी, सवय ती सवय,
चिमूटभर उपसून अंगठ्यांत ओढला.
"आखूड धागा. हलका माल."
मावशीनं कपाळावर हात मारून घेतला.
सुकेशनी हसली, पहिल्यांदाच माझ्यासमोर दात दिसेपर्यंत.
"आमच्या दवाखान्यातला दिसते."

असेल.
असाच एक बोळा त्या दिवशी
तिनं माझ्या बोटावर दाबून धरला होता,
रक्त थांबल्यावरही थोडा वेळ.